कमरेला काय खोचलंय?

मराठीत 'खोचणे' हा एक जबरदस्त शब्द आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. तिथे रोज प्रेयरच्या आधी सिस्टर लायनीतून फिरत 'टक इट इन, टक इट इन' म्हणायच्या आणि आम्ही शर्ट स्कर्टमध्ये कोंबायचो. 'टक इन' म्हणजे एवढंच. मराठीत मात्र पदर खोचतात, निऱ्या खोचतात, केसात फूल खोचतात, आजी चाव्यांचा जुडगा कमरेला खोचते आणि माझे आजोबा कोयती खोचतात. शिवाय एखाद्याचं बोलणंसुद्धा खोचक असतं! खोचलेली वस्तू सुखाने राहणार की टोचणार, ही शंका त्या शब्दातच बसलेली आहे.

तर मित्र-मैत्रिणींनो, हा लेख त्या शंकेबद्दल आहे. मिटणारा चाकू नव्हे, सरळ पात्याची न मिटणारी सुरी कमरेला बाळगायची झाली तर ती कुठे आणि कशी राहते? विषय जरा विचित्र आहे, मान्य. 'मराठी विभागासाठी काहीतरी दे' म्हणून संपादक मंडळ मागे लागलं तेव्हा पावसाळ्यावर किंवा मैत्रीवर लिहिता आलं असतं. पण डिसेंबरात आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर तीन आठवडे ह्याच एका विषयावर चर्चा चालली होती. रेक्टर मॅडम हे वाचतील, म्हणून आधीच सांगून ठेवते : खाली ज्या सुरीचे प्रयोग आहेत ती ॲक्रिलिकची होती, तिला धार नव्हती आणि टोक गोल होतं.

झालं असं की सुट्टीत आम्हा चौघींना एमआयडीसीतल्या एका कंपनीत इनप्लांट ट्रेनिंग मिळालं. जनरल शिफ्ट, सहाला सुटी. पण कंपनीची बस अर्धं गाव फिरून आम्हाला हायवेवर, पुलाच्या अलीकडे सोडायची तेव्हा पावणेआठ वाजलेले असायचे. तिथून हॉस्टेलचं गेट सर्व्हिस रोडने साधारण पाऊण किलोमीटर. डावीकडे बंद पडलेला ढाबा, उजवीकडे उभे ट्रक, आणि वरचे दिवे बंद. दिवसा ह्याच रस्त्याने आपण सगळे वडापाव खायला जातो, त्यामुळे बहुतेकांना त्यात काही वाटणार नाही. डिसेंबरात पावणेआठला जाऊन बघा. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी एक बाईक बराच वेळ आमच्या चालीने मागे मागे आली. हेडलाइट चालू, दोघं बसलेले, पुढेही जाईनात आणि मागेही राहीनात. आम्ही बोलायचं बंद केलं. गेट दिसल्यावर ते निघून गेले. झालं काहीच नाही. पण त्या रात्री माझ्या रूममेटने (ही सिव्हिलची) जेवताना जाहीर केलं, 'मी उद्यापासून सुरी ठेवणार.' आणि रविवारच्या बाजारातून तिने खरोखर एक सुरी आणली. चार इंची पातं, काळी प्लॅस्टिकची मूठ, किंमत साठ रुपये.

कल्पना तिचीच होती असं नाही. दिल्लीच्या घटनेनंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना छोटे चाकू वाटले होते. मी तेव्हा दुसरीत होते; आमच्या सोसायटीत त्यावरून झालेली चर्चा मला अंधुक आठवते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला, तेव्हाही आमच्या हॉस्टेलमध्ये हाच विषय निघाला होता. दर वेळी चर्चा 'ठेवावी का' इथेच थांबते. 'ठेवायची कुठे' हा प्रश्न कोणी विचारत नाही. सिव्हिलवाली म्हणाली, 'बॅगेत ठेवली तर काढेपर्यंत काम तमाम. कमरेला पाहिजे. तू मेकॅनिकलची ना, सांग कशी खोचायची!'

मला एकदम आजोबा आठवले. कारण कमरेला पातं घेऊन दिवसभर आरामात वावरणारा माणूस मी आयुष्यात एकच जवळून पाहिलाय.

माझं आजोळ कुडाळ तालुक्यात. आजोबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी लहानपणी मे महिन्यात जायचे तेव्हा त्यांचा दिवस ठरलेला असे. सकाळी चहा झाला की पंचाच्या वरून आकडीची दोरी कमरेला बांधायची, भिंतीला टेकवलेली कोयती मागे हात नेऊन आकडीत सोडायची, खळ्यातून उतरायचं आणि बागेत जायचं. मागे हात नेऊन म्हणजे न बघता. मुंबई-ठाण्याच्या माणसाने पाठीमागे हात नेऊन मोबाइलसुद्धा खिशात नीट टाकता येत नाही, आणि हे हातभर धारदार लोखंड!

आकडी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरची आकडी लाकडाची आहे, साधारण वीतभर. अंगाकडची बाजू कमरेच्या गोलाईप्रमाणे किंचित खोलगट तासलेली, बाहेरच्या बाजूला आकड्यासारखं वळण, दोन्ही टोकांना दोरी ओवायला भोकं. गावात काहींकडे लोखंडाचीही बघितलीय. कोयती वरून आत सोडायची : पातं खाली, मूठ वर आणि जराशी उजवीकडे झुकलेली. पात्याची सपाट बाजू अंगाकडे येते, धार येत नाही. कोयतीचं नाक पुढे वाकलेलं असतं. ते आकड्याच्या खाली अडकून राहतं. त्यामुळे माणूस वाकला, पळाला, झाडावर चढला तरी कोयती उसळून बाहेर पडत नाही. काढताना मात्र तिला थोडी तिरकी करून वर उचलावी लागते. सेकंड इयरला सरांनी स्क्रू जॅक शिकवताना सेल्फ-लॉकिंग समजावलं तेव्हा सगळा वर्ग फॉर्म्युला लिहून घेत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर आजोबांची पाठ होती.

कोयतीही काय साधीसुधी नाही. गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा घेऊन घडवलेली. तो पाटा म्हणजे स्प्रिंग स्टील, आपल्या मटेरियल सायन्सच्या पुस्तकातलं ईएन-४५ च्या जातीचं. लोहार त्याला लाल करून पाण्यात बुडवतो, ह्याला मराठीत 'पाणी देणे' म्हणतात. आपण त्याला क्वेंचिंग म्हणतो आणि वायवाला विसरतो. मी मागच्या गणपतीत ती कोयती किचनच्या काट्यावर ठेवून बघितली, साडेसहाशे ग्रॅम भरली. आपल्या लॅपटॉपच्या अर्धी. रोज आठ तास, पन्नासहून जास्त वर्षं.

मग ती टोचत कशी नाही? ह्याच्यावर मी बऱ्यापैकी विचार केलाय. एक म्हणजे सगळं वजन दोरीवर आहे आणि दोरी कमरेच्या दोन्ही हाडांवर टेकते, पोटावर नाही. दुसरं, लाकडाची खोलगट बाजू मोठी आहे, म्हणजे तोच फोर्स जास्त एरियावर पसरतो. पण खरी गंमत तिसरी आहे, ती मला खूप उशिरा कळली. आजोबा खुर्चीत बसत नाहीत! कामाच्या वेळी तर नाहीच. दमले की उकिडवे बसतात. उकिडवं बसलं की पाठीमागे हवा असते, कोयती मोकळी लटकते, फार तर मातीला टेकते. पाठ टेकून बसणारा माणूस आकडी वापरूच शकत नाही. जेवायला किंवा ओटीवर टेकायला आले की पहिलं काम आकडी सोडणं. म्हणजे ती आकडी कामाच्या अंगासाठी केलेली आहे. वाकणाऱ्या, चढणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या. भाजावळीसाठी कवळ तोडायला जाणाऱ्या माणसाला दोन्ही हात मोकळे पाहिजेत, पोफळीवर चढणाऱ्याचं छाती-पोट खोडाला घासतं म्हणून पुढे काही चालत नाही, बाजूला ठेवलं तर हात आपटतो. उरली फक्त पाठ. कोणीतरी कधीतरी हे सगळं आजमावून बघितलंच असणार. त्याचं पेटंट कोणाच्या नावावर नाही, एवढंच.

हॉस्टेलमध्ये हे सगळं सांगत होते तर शेजारच्या खोलीतली कुर्गची मैत्रीण उठूनच बसली. म्हणाली, 'अगं, आमच्याकडे हेच आहे!' कोडवा लोकांची ओडिकत्ती म्हणजे रुंद वाकडं पातं, तेही पाठीमागेच असतं, 'तोडंग' नावाच्या पितळी अडकवणीत. तिने भावाच्या लग्नाचे फोटो दाखवले. नवऱ्या मुलाने कुप्या म्हणजे अंगरखा घातलेला, कमरेला लाल रेशमी चेले बांधलेला, आणि त्या चेल्यात पुढच्या बाजूला पीचेकत्ती, चांदीची साखळी असलेली छोटी सुरी. लग्नात ओडिकत्तीने केळीचे खांब तोडायची रीत आहे, त्याचाही व्हिडिओ होता. कोकण आणि कुर्ग, मधे एवढं अंतर, पण डोंगर तोच सह्याद्री आणि पातं पाठीमागेच. पुढची सुरी दागिन्यासारखी, मागचं पातं कामाचं.

गेटवरचे वॉचमनकाका नेपाळचे आहेत. त्यांना विचारलं तर ते आधी हसले, मग त्यांनी हाताने करून दाखवलं. गावाकडे त्यांचे वडील कमरेला पटुका गुंडाळायचे, लांबच लांब कापड, आणि खुकुरी म्यानासकट त्या पटुक्यात आडवी खोचायचे. आडवी! हे ऐकून मी तिथेच गेटवर खूश झाले. कारण उभं पातं बसताना मांडीत किंवा खुर्चीत जातं, आडवं पातं कमरेच्या रेषेतच राहतं. जुन्या मुघल आणि दख्खनी चित्रांत सरदारांच्या शेल्यात कट्यार असते तीही नीट बघा. कट्यारीची मूठ आडव्या दांड्यांची असते, इंग्रजी एच अक्षरासारखी. ती शेल्याच्या घडीवर अडकते, खाली सरकतच नाही. शिवाय बैठक गादीवर, मांडी घालून, त्यामुळे ती तिरकी खोचलेली असते.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे कापड. पटुका, चेले, शेला, पंचा, सगळी गुंडाळायची वस्त्रं. गुंडाळलेलं कापड घट्ट-सैल करता येतं, त्याला घड्या असतात, घडीत वस्तू धरून राहते. आपल्याकडे 'कनवटी' असा शब्दच आहे. माझी आजी अजून बाजारात जाताना पैसे कनवटीला लावते. आणि आपण? जीन्स. कडक कापड, दीड इंची पट्टा आणि आत मोकळी जागा शून्य. मुलींच्या जीन्सचे तर खिसेही खोटे असतात, त्याबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

आता प्रयोग. सिव्हिलवालीची सुरी मी तिला कमरेला लावू दिली नाही. नुसती पुठ्ठ्यात गुंडाळून कमरपट्ट्यात घालणार होती ती! लॅबमध्ये ३ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट होती, तिच्यातून तिच्या सुरीच्याच मापाचा डमी कापून घेतला, त्याला पुठ्ठ्याचं म्यान केलं आणि मी तो तीन दिवस कंपनीत आणि हॉस्टेलवर वापरला.

पहिला दिवस : पुढे, उजवीकडे, कुर्त्याच्या आत. उभं असताना एकदम मस्त. कोणाला कळलं नाही. बसल्याबरोबर सगळं बिघडलं. माणूस उभा असतो तेव्हा धड आणि मांडी एका रेषेत असतात. बसला की काटकोन होतो, आणि सुरी काही वाकत नाही. वरून मूठ बरगडीखाली घुसते, खालून टोक जांघेच्या घडीत. आणि जांघेच्या बरोबर मध्यातून पायाची मोठी रोहिणी जाते, बोट ठेवलं तर ठोका लागतो. तिथे म्यान सरकलेलं खरं पातं असलं तर काय होईल, हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. टॉयलेटला जाताना वेगळा गोंधळ, तो छापण्यासारखा नाही.

दुसरा दिवस : बाजूला, कमरेच्या हाडावर. बसताना बरं. पण बसच्या सीटवर शेजारी कोणी टेकलं की मूठ दंडाला. दर दहा मिनिटांनी हात तिकडे जायचा, आहे ना, सरकली नाही ना. संध्याकाळपर्यंत हाडावर लाल वण. आमच्या ट्रेनिंगच्या सुपरवायझरांनी विचारलंसुद्धा, 'पोटात दुखतंय का बेटा?'

तिसरा दिवस : पाठीमागे, आजोबांसारखी. पाठीवर सॅक. सॅकचा तळ बरोबर मुठीवर. खुर्ची, बसची सीट, रिक्षाची सीट, जिथे बसू तिथे मणक्याला ठोसा. आमच्या अख्ख्या दिवसात उकिडवं बसायचा प्रसंग एकदाच आला, कॅलिपर टेबलाखाली पडला तेव्हा.

सलवारच्या नाडीत तर ती राहतच नाही, लेगिंगच्या इलॅस्टिकमधून घसरून गुडघ्यापर्यंत जाते. (हाही प्रयोग केला. प्रेक्षक : अख्खा दुसरा मजला.) सगळ्यात छान कशात राहिली असेल? ट्रॅडिशनल डेची नऊवारी! काष्टा घट्ट, कमरेला चार पदरी घडी, डमी हललाही नाही. पण कंपनीत नऊवारी नेसून सेफ्टी शूज घालायचे म्हणजे...

शेवटी वेळ लावली. सिव्हिलवालीच्या मोबाइलवर स्टॉपवॉच, मी कॉरिडॉरमधून स्वेटर आणि सॅक घालून चालते, ती मागून 'आता' म्हणते, मी डमी काढते. स्वेटर वर, कुर्ता वर, मूठ चाचपणे, म्यान. चार ते पाच सेकंद. एकदा म्यानासकट बाहेर आली, एकदा पडली. तेवढ्या वेळात ती सहज तीन पावलं पुढे येऊन माझा हात धरत होती, आणि ती तर माझ्याहून बारीक आहे. मग अदलाबदल करून बघितली, तिच्या कमरेला आणि मी मागून. दोनदा डमी माझ्याच हातात आला. ह्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्या रात्री मी आजोबांना फोन केला. बाईकचं सांगितलं नाही, उगाच आईपर्यंत गेलं असतं. नुसतं विचारलं, 'आजोबा, कोयती लपवून न्यायची झाली तर कशी न्यायची?' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, 'लपवन कित्याक गो चेडवा? कोयती दिसाक व्हयी. पाठसून येणाऱ्याक कळाक नको?'

मी आधी हसले. मग लक्षात आलं की ते अगदी सरळ, कामाचं सांगत होते. पायवाटेवर दोन माणसं एकामागे एक चालतात तेव्हा मागच्याला पुढच्याच्या कमरेचं पातं दिसलं पाहिजे, म्हणजे तो अंतर ठेवून चालेल. लहानपणी मी त्यांच्या मागे धावायचे तेव्हा ते न वळता 'लांब, लांब' म्हणायचे ते ह्यासाठीच. आकडी बाहेर आहे, कपड्याच्या वरून आहे, कारण ती सगळ्यांना दिसावी म्हणूनच तशी आहे. दिसतं म्हणून ते आरामात बाळगता येतं : हात मोकळा जातो, दोरी सैल ठेवता येते, बसायच्या आधी सोडून ठेवता येते. आमच्या कॉरिडॉरमधल्या सगळ्या भानगडी, बरगडी, जांघ, स्वेटर, लाल वण, ह्या लपवण्यापायी होत्या. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला महाराजांनी शस्त्र लपवून नेलं ते एका भेटीपुरतं. अंगात चिलखत होतं, सोबत निवडक माणसं होती, आणि समोर कोण आहे हे पक्कं माहीत होतं. रोज पावणेआठला सर्व्हिस रोडवरून येणं हा वेगळा प्रकार आहे. समोर बहुतेक वेळा कोणीच नसतं. सुरी मात्र दिवसभर असते, आणि तिच्याबरोबर तो विचारही.

आजोबांना पेपर वाचायची सवय आहे. २०२२-२३ मध्ये पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रोज यायला लागला तेव्हा ते चांगलेच वैतागले होते. त्यांच्या मते ती पोरं कोयता धरतात कसा हे फोटोत बघूनच कळतं की त्यांनी कधी फांदी तोडलेली नाही. कायद्याने शेतीच्या हत्याराची बाजू घेतलेली आहे हे मी त्यांना सांगितलं तेव्हा जरा बरं वाटलं त्यांना. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलेल्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेल्या वगळून. त्यामुळे सिव्हिलवालीची चार इंची सुरी त्या यादीत येत नाही. पण पोलिसांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली मनाई हुकूम काढलेला असला तर त्या काळात सुरी घेऊन सार्वजनिक जागी फिरणंच गुन्हा ठरू शकतं. आणि असे हुकूम सणासुदीला, निवडणुकीला निघतच असतात. स्वतःचा बचाव करायचा हक्क मात्र सगळ्यांना आहे. जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये दिलाय. लायब्ररीत पुस्तक आहे, बघा. मी सबमिशन सोडून हे वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आम्ही चौघी ड्रायव्हरकाकांशी बोललो. त्यांचं म्हणणं, वळवायला मला तीन मिनिटं जास्त लागतील, पण रूट ऑफिस ठरवतं. ऑफिसमधले साहेब म्हणाले रूट कॉन्ट्रॅक्टमध्ये फिक्स आहे. मग रेक्टर मॅडमनी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र दिलं, त्यात मी रस्त्याचं स्केच जोडलं. पुलापासून गेटपर्यंतचं अंतर, बंद दिव्यांचे खांब (अकरा), ढाबा, ट्रक, सगळं स्केलमध्ये. ड्रॉइंगच्या सरांनी लेटरिंग बघून 'बरं आहे' म्हटलं, हे मी फर्स्ट इयरपासून पहिल्यांदाच ऐकलं. पत्र दिल्यानंतर सहाव्या दिवशी बस गेटपर्यंत आली. ड्रायव्हरकाकांनी मुद्दाम जोरात हॉर्न वाजवला, वॉचमनकाका धावत बाहेर आले, त्यांना वाटलं काय झालं.

खांबांवरचे दिवे अजून बंद आहेत. त्यासाठीचं दुसरं पत्र तयार आहे. जानेवारीत जे ज्युनियर त्याच बसने जाणार आहेत त्यांनी माझ्या खोलीतून स्केचची कॉपी घेऊन जावी आणि त्या पत्रावर सह्या कराव्यात. मुलांनीही. तो रस्ता सगळ्यांचाच आहे.

सिव्हिलवालीची सुरी आमच्या खोलीत कपाटावरच्या डब्यात असते. रविवारी मेस बंद असते तेव्हा भेळेसाठी कांदा-टोमॅटो तिनेच चिरतो. मूठ घसरते, धार दोन आठवड्यांत गेली. गणपतीला गावी नेऊन आजोबांकडून पाजवून आणणार आहे. ते आता पोफळीवर चढत नाहीत, गुडघे धरलेत. बागेत मात्र रोज जातात, आणि आकडी बांधूनच जातात.

– टी. ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल